मेपलखाली रुसलेले हॉस्टा

सावलीवेडी | १८ एप्रिल

नमस्कार मंडळी. बागकामाच्या धाग्यांवर दोन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच तोंड उघडतेय.

आम्ही मध्य न्यू जर्सीत. मागच्या अंगणात ऊन जवळपास नाहीच. एका कोपऱ्यात भलाथोरला नॉर्वे मेपल, कुंपणालगत जुना ओक. टोमॅटो, भेंडी, मिरची सगळं करून हरले आणि तीन वर्षांपूर्वी हॉस्टाकडे, म्हणजे रुंद पानांच्या, सावलीत वाढणाऱ्या शोभेच्या झाडाकडे वळले. एकूण ११ रोपं: ७ मेपलखाली, ४ ओकखाली. एकाच दिवशी, एकाच दुकानातली, एकच कंपोस्ट घालून लावलेली. पाणीही एकाच पाइपाचं.

ओकखालचे चौघे गेल्या ऑगस्टात टोपलीएवढे झाले होते. मेपलखालचे मात्र दरवर्षी आक्रसतायत. पहिल्या वर्षी पान तळहाताएवढं होतं, गेल्या वर्षी पुरीएवढं. पाणीपुरीच्या नव्हे, पण वाट तीच आहे. या आठवड्यात कोंब वर आले तर ज्याला गेल्या वर्षी ५ होते त्याला आता ३.

सावलीचं झाड म्हणून आणलं, सावलीत लावलं, मग रुसायला काय झालं? खत वाढवू? की सावली जास्त होतेय?

ता.क. मे महिन्यात साबा (सासूबाई) येतायत. गेल्या खेपेला म्हणाल्या होत्या, "एवढा खर्च केलास, त्यापेक्षा अळू लावला असतास तर फतफतं तरी झालं असतं." इज्जत का सवाल आहे.

निवांत | १८ एप्रिल

+१. माझ्याकडेही मेपलच. इथेच बसते.

हरणांचा_शेजारी | १८ एप्रिल

तीन वर्षांत हरणांनी खाल्ले नाहीत? तुम्ही नक्की न्यू जर्सीतच राहता ना?

सावलीवेडी | १८ एप्रिल

आधीच्या मालकांनी आठ फुटी कुंपण घालून ठेवलंय, त्यांचे उपकार.

बर्फाळ | १९ एप्रिल

खत अजिबात वाढवू नका. आणि सावलीला बोल लावू नका, ओकखालीही सावलीच आहे की.

माझा संशय मुळांवर. नॉर्वे मेपलची बारीक मुळं अगदी वरच्या मातीत, जाळं विणल्यासारखी पसरलेली असतात. ओकची त्या मानाने खोल नि विरळ. तुम्ही खड्डा खणलात, भुसभुशीत कंपोस्ट घातलंत, वर नेमाने पाणी दिलंत. मेपलला वाटलं पंगत त्याच्यासाठीच मांडलीय. हॉस्टाचं पान रुंद, ते पाणी भरपूर मागतं आणि ताटातलं दुसराच उचलतोय. उपाशी झाड पान लहान करतं, कोंब कमी करतं. तुमच्याकडे तेच चाललंय असं दिसतं.

खात्री करायला सगळ्यात मरतुकडं रोप निवडा. आत्ताच, कोंब दोन-तीन इंच आहेत आणि पानं गुंडाळलेली आहेत तोवर. वीतभर अंतर सोडून चारी बाजूंनी बागेचा काटा घाला आणि गड्डा उचला. काय दिसतं ते कळवा.

मी मिनेसोटात, झोन ४ म्हणजे कडक हिवाळ्याच्या पट्ट्यात. निवृत्त झाल्यापासून हेच उद्योग. सध्या १४० च्या वर जाती आहेत, घरात बोलणी खातो.

सावलीवेडी | २१ एप्रिल

काका (म्हटलं तर चालेल ना?), काटा आत जाईचना! नवऱ्याला बोलावलं. शेवटी जे वर आलं ते रोप नव्हतं, काथ्याचं पायपुसणं होतं. हॉस्टाचा गड्डा लिंबाएवढा आणि त्याच्या आरपार मेपलची तांबूस मुळं. कंपोस्टचा मागमूस नाही. कालच पाऊस पडून गेलाय तरी आतली माती भाजलेल्या रव्यासारखी सुटी, कोरडी.

मग कुतूहल म्हणून ओकखाली हात घातला. मऊ, काळी, ओलसर. मला रडू यायचंच बाकी होतं.

बर्फाळ | २१ एप्रिल

चालेल, पुतणी.

सातही उचला. मेपलची मुळं हलक्या हाताने विंचरून काढा. गड्डे पाण्यात तासभर बुडवून ठेवले तरी चालेल. मग दोन रस्ते.

ओकच्या बाजूला जागा असेल तर तिकडे हलवा. लावताना गड्ड्याचं डोकं आधी जितकं वर होतं तितकंच वर ठेवायचं. खोल पुरला की देठ कुजतात.

जागा नसेल तर मेपलखालीच कुंड्यांमध्ये. कुंडी जमिनीत पुरायची नाही, तळाच्या भोकातून मुळं वर शिरतात, दोन वर्षांत मागचे पाढे पंचावन्न. विटांवर ठेवा. आजूबाजूला नेचे, हेलेबोर असलं कमी तहानेचं काहीतरी लावा म्हणजे कुंड्या उघड्या पडणार नाहीत.

एक गोष्ट करू नका. मुळांवर फूटभर माती ओतून वाफा उंच करायचा मोह होतो. झाडाची मुळं गुदमरतात, झाड हळूहळू खंगतं आणि तुमची मेहनत वर्षा-दोन वर्षांत मेपलची मुळं पुन्हा वर येऊन खातात ती वेगळीच. अंगठ्याहून जाड मुळं तोडायचीही नाहीत.

आणि जूनमध्ये, मेपल पूर्ण पानावर आला की, एक गंमत करा. दोन सारखे टिनचे रिकामे डबे घ्या. एक उघड्यावर, एक मेपलखाली. चांगल्या पावसानंतर आत पट्टी घालून मोजा. हॉस्टाला आठवड्याला साधारण इंचभर, म्हणजे अडीच सेंटीमीटर पाणी लागतं हे लक्षात ठेवून आकडे बघा.

यॉर्कशायरकर | २२ एप्रिल

पाण्याची तक्रार वाचून हेवा वाटला. आमच्याकडे पाणी आभाळातून फुकट आणि त्याबरोबर गोगलगायी. शंख असलेल्या, बिनशंखाच्या, सगळ्या. गोगलगाय नि पोटात पाय ही म्हण ज्याने केली त्याच्या दारात हॉस्टा असणार. दिवसा एक दिसत नाही, सकाळी पानाची चाळणी.

बियर बशीत ओतून ठेवायचा उपाय केला. येतात, बुडतात, खरंय. पण रोज सकाळी ती बशी रिकामी करणं मला झेपलं नाही. आता आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या टाकतो, त्याही कोंब फुटताना, पानं उलगडायच्या आधी. जुन्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर इथे २०२२ पासून बंदीच आहे, कुत्र्यांना नि पक्ष्यांना घातक म्हणून. शिवाय हिवाळ्यात कुजलेली पानं उचलून टाकायची, त्यांच्याखालीच अंडी असतात.

खरा फरक पडला तो जात बदलल्यावर. पातळ पानांच्या जाती सोडून जाड पानांच्या घेतल्या. 'हॅल्सियन', 'सम अँड सब्स्टन्स', छोट्यांत 'ब्लू माउस इअर्स'. दात लागत नाहीत असं नाही, पण गोगलगायी आधी शेजाऱ्याकडे जातात.

बर्फाळ | २२ एप्रिल

आमच्याकडे एक जुना उपाय आहे: साबण-सुगंध नसलेला घरगुती अमोनिया १ भाग, पाणी १० भाग. रात्री टॉर्च घेऊन निघायचं आणि दिसेल त्या गोगलगायीवर फवारायचं. बायको म्हणते, शेजारी पोलिसांना बोलावतील एक दिवस.

खवय्या | २३ एप्रिल

मूळ प्रश्न बाजूला पडतोय, तो विचारतो: खाता येतं का?

स्टुटगार्टहून | २३ एप्रिल

येतं! जपानमध्ये कोवळे कोंब भाजी म्हणून खातात, उरुई म्हणतात. उकडून मिसोबरोबर किंवा टेम्पुरा. मी एकदा खाल्लीय, किंचित बुळबुळीत, चव सौम्य. अळूसारखी खाज नाही.

अवांतर: आमच्याकडे जर्मनीत याला अजून फुंकिया म्हणतात.

बर्फाळ | २३ एप्रिल

माणसाला चालतं, कुत्र्या-मांजरांना नाही. सॅपोनिन असतात, उलट्या-जुलाब होतात. आणि दुकानातून आणलेलं रोप खाऊ नका, त्यावर काय काय फवारलेलं असतं कोण जाणे.

फुंकिया नावाची कथा मजेशीर आहे. मूळ झाड जपान, कोरिया, चीनमधलं. १८१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या ट्रॅटिनिकने निकोलस होस्ट या वनस्पतीतज्ज्ञाच्या नावावरून होस्टा ठेवलं. पुढे १८१७ मध्ये श्प्रेंगेलने फुंक नावाच्या दुसऱ्याच तज्ज्ञावरून फुंकिया काढलं. बारशाला दोन आत्या. शास्त्रात पहिलीचं टिकलं, जर्मन बागांमध्ये दुसरीचं. युरोपात खरी रेलचेल झाली ती झीबोल्ट या जर्मन डॉक्टरमुळे, त्याने १८३० च्या सुमारास जपानहून पुष्कळ प्रकार नेले. निळ्या पानांच्या 'सीबोल्डियाना'त त्याचंच नाव आहे.

गच्चीवरची_बाग | २५ एप्रिल

फोटो बघून जीव गेला. मी पुण्यात, पूर्वेची गच्ची, दुपारनंतर सावली. ऑनलाइन 'हॉस्टा बी' विकतायत, रंगीबेरंगी, निळी-जांभळी पानं. मागवू?

बर्फाळ | २५ एप्रिल

नका. निळंजांभळं जे दाखवतात तो फोटो रंगवलेला असतो. आणि बी खरं निघालं तरी जातीच्या बियांतून तीच जात येत नाही, बहुतेक साधी हिरवी रोपं येतात. नावाच्या जाती गड्डा फोडून किंवा टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत रोपाच्या तुकड्यापासून) वाढवतात.

पण पुण्यात मुख्य अडचण ती नाहीच. हॉस्टाला झोप लागते. हिवाळ्यात काही आठवडे सलग पाच-सहा अंशांच्या खाली राहिलं तरच वसंतात जोमाने फुटतं. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो, पण दुपारी पुन्हा ऊन. त्याची झोपमोड होते आणि दोन-तीन वर्षांत गड्डा संपतो.

गच्चीवरची_बाग | २५ एप्रिल

फ्रीजमध्ये ठेवला तर?

अटलांटावाली | २५ एप्रिल

फ्लोरिडात असं करणारे आहेत. पण कोथिंबिरीच्या शेजारी गड्डा ठेवायला घरातल्यांची परवानगी कोण काढणार? त्यापेक्षा कॅलेडियम लाव, रंगीत पानांचं कंदाचं झाड. पावसाळ्याआधी कंद कुंडीत, दिवाळीपर्यंत पानं, मग तो आपसूक झोपतो नि त्याला थंडीही नको. जोडीला अग्लोनिमा, कॅलेथिया, नेचे. माझ्या आईची ठाण्याची बाल्कनी अशीच भरलीय आणि माझ्या हॉस्टापेक्षा देखणी आहे. कबूल करायला जड जातंय.

हरणांचा_शेजारी | ९ मे

रात्रीत १४ रोपं. नुसते देठ उभे, छाटलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे. पेनसिल्व्हेनिया.

अंड्याच्या वासाचा फवारा मी पानं उलगडल्यापासून मारतोय, पण मधे दोन दिवस पाऊस झाला आणि मी आळस केला. पावसानंतर पुन्हा मारायलाच हवा. साबणाच्या वड्या, केस, सगळं करून झालंय. हरणांना एक-दोन आठवड्यांत सवय होते. मलाही झालीय.

निवांत | १० मे

फुटतील का परत?

बर्फाळ | १० मे

फुटतील, पण साठवण वापरून. यंदा पानं लहान येतील. दुसऱ्यांदा खाऊ देऊ नका.

सावलीवेडी | १४ जून

डब्यांचा निकाल! परवा रात्रभर पाऊस. उघड्यावरच्या डब्यात २.४ सेंमी, मेपलखाली ०.९. ओकखालीही ठेवला होता, त्यात १.५. म्हणजे मेपल वरून छत्री धरतो आणि खालून स्ट्रॉ घालतो.

चार गड्डे ओकखाली हलवले, तीन कुंड्यांत विटांवर. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी. पान मोठं झालेलं नाही अजून, पण मलूल दिसत नाहीत.

साबांचं म्हणणं: "एवढं पाणी अळवाला घातलं असतंस तर..." वाक्य पूर्ण करत नाहीत. पण काल 'हॅल्सियन'च्या निळ्या पानावर पाणी पडून मोती झाले, ते बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे अळवासारखंच की गं." मी काही बोलले नाही.

बर्फाळ | १४ जून

दोन्हीकडे पानावर मेणच. निळा हॉस्टा मुळात हिरवाच असतो, वरच्या मेणाच्या थरामुळे निळा दिसतो. पान चोळून बघा, बोटाखाली हिरवं निघतं. उन्हाने नि उकाड्याने मेण विरघळतं, म्हणून ऑगस्टात निळे हिरवे होतात. पाणीही पानांवर नको, बुडाशी घाला. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाही. पिवळ्या जातींचं उलट, थोडं ऊन नसेल तर त्यांचा रंग चढत नाही.

सावलीवेडी | २ जुलै

आणखी एक. उत्साहाच्या भरात सेलमधून एक पिवळा आणला. पानांवर शिरांच्या कडेने हिरवी शाई फुटल्यासारखी नक्षी आहे आणि मध्येमध्ये पान फुगीर, सुरकुतलेलं. दुकानात सगळी रोपं अशीच होती म्हणून मला वाटलं जातच तशी. फोटो डकवलाय.

बर्फाळ | २ जुलै

त्याला हात लावलात ते हात धुतले का? आधी धुवा. कात्री, खुरपं सगळं.

फोटोवरून हॉस्टा व्हायरस एक्स वाटतो. पक्कं करायला चाचणीची पट्टी मिळते, पण मी असतो तर वाट बघितली नसती. औषध नाही. रस लागला की पसरतो, म्हणजे कात्री, हात, गवत कापायचं यंत्र यातून. गड्डा मुळांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नाही. त्या जागी लगेच दुसरा हॉस्टा लावू नका, मातीत मुळांचे तुकडे राहतात.

हा व्हायरस १९९६ मध्ये आमच्याच मिनेसोटा विद्यापीठात लॉकहार्ट यांनी ओळखला. त्याआधी नि नंतरही लोकांनी हे डाग नवीन जात म्हणून नावं देऊन विकले. 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग' ही त्यातलीच नावं. रोगाला ट्रेडमार्क!

निवांत | ३ जुलै

अय्यो. माझ्याकडे असाच एक आहे, मी मुद्दाम निवडून आणलेला. सगळ्यात सुंदर तोच. नाही टाकवत हो.

बर्फाळ | ३ जुलै

समजू शकतो. पण तो आहे तोवर बाकीच्यांना कात्री लावताना दर वेळी घाम फुटेल तुम्हाला.

निवांत | ६ जुलै

टाकला. डोळे मिटून.

अटलांटावाली | ११ जुलै

इकडे उकाड्याची वेगळीच बात. परवा एका रोपाची बाहेरची पानं आडवी झाली, ओढली तर देठ हातात. बुडाशी पांढरी बुरशी आणि फोडणीत पडलेल्या मोहरीसारखे तांबडे दाणे. ते दाणे म्हणजे बुरशीचीच बीजं, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माझी चूक अशी की लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन थेट देठांना भिडवलं होतं. दोन-तीन इंच जागा मोकळी सोडायची. वरची माती खरवडून काढलीय, बघू.

सावलीवेडी | २० ऑगस्ट

ओकखाली एक 'प्लँटाजिनिया' हॉस्टा आहे, पांढऱ्या फुलांचा. काल संध्याकाळी उमलला आणि अख्ख्या अंगणात निशिगंधासारखा वास. साबा खुर्ची घेऊन तिथेच बसल्या, आरतीला बोलवावं लागलं.

स्टुटगार्टहून | २० ऑगस्ट

'सारखा' नाही, नातंच आहे! आताच्या वर्गीकरणात हॉस्टा शतावरीच्या कुळात, आणि त्यातही निशिगंध नि घायपाताच्या उपकुळात. अळूशी मात्र काडीचाही संबंध नाही. सासूबाईंना सांग.

सावलीवेडी | २१ ऑगस्ट

सांगितलं. म्हणाल्या, "मग देवाला वाहायला हरकत नाही." आणि चार फुलं तोडली. अजून ओंजळभर कळ्या आहेत म्हणून गप्प बसले.

बर्फाळ | ३ नोव्हेंबर

कुंड्यांची आठवण करून देतो. पानं पिवळी पडून झोपली की कुंड्या भिंतीच्या आडोशाला आडव्या करून ठेवा. थंडीने मरत नाहीत, पण बर्फाचं पाणी आत साचून गोठतं-वितळतं त्याने गड्डा सडतो. जमिनीतल्यांवर पानांचा जाड थर नको, खाली उंदरांसारखे व्होल बिऱ्हाड थाटतात आणि हिवाळाभर गड्डे खातात.

सावलीवेडी | ४ मे

वर्ष झालं, हिशेब देते. ओकखाली हलवलेल्या चारपैकी तीन जोरात. ज्याला ३ कोंब होते त्याला ८. चौथा व्होलने खाल्ला, ओढला तर वरचा भाग टोपी काढल्यासारखा हातात आला, खाली काहीच नाही. (काका, थर जाड ठेवला होता. बोलू नका.) कुंड्यांतले तिन्ही जिवंत, पानं पुन्हा तळहाताएवढी. परवा रात्री पाला गोठवणारी थंडी सांगितली होती म्हणून सगळ्यांवर जुन्या चादरी घातल्या. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही भुतं पाळलीत.

ओकखालचे जुने चौघे फारच फोफावलेत, त्यातले दोन फोडतेय. निवांत, तू एडिसनलाच ना? हवेत का?

निवांत | ४ मे

हवेत!!! पण माझा मेपल?

सावलीवेडी | ४ मे

कुंड्या नि विटा घेऊन ठेव.

बर्फाळ | ५ मे

देताना मुळं पाण्याने स्वच्छ धुऊन, मातीशिवाय द्या. वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी दिसायला लागलीय का तेही बघा. उड्या मारणारी आशियाई गांडुळं अशीच रोपांबरोबर घरोघरी जातात. आणि सुरी दर गड्ड्याला ब्लीचच्या पाण्यात.

सावलीवेडी | ५ मे

माती बघितली, ठीक आहे. निवांत, शनिवारी चारनंतर ये. बादली आपली आण, माझ्या सगळ्या कामात आहेत.